सर, जास्त कशात येतं?

या शहरात झेरॉक्सच्या दुकानावरची पाटी एकदा निवांत उभं राहून वाचावी. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल, पासपोर्ट फोटो, पॅन कार्ड, पीक विमा, जात पडताळणीचे फॉर्म, आणि सगळ्यांच्या खाली, जागा उरली म्हणून तिरक्या लाल अक्षरांत, ‘एसपीएसएस करून मिळेल’. पीक विमा आणि एसपीएसएस, म्हणजे प्रबंधाची आकडेमोड करणारं सॉफ्टवेअर, एकाच माणसाच्या हातात असण्यात वावगं काही नाही. दोन्हीकडे आकडे भरायचे, दोन्हीकडे निकालाची वाट बघायची, आणि आला तो आकडा असाच का आला, हे दोन्हीकडे विचारायचं नसतं.

गिऱ्हाइकांचा तुटवडा नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तोवर इथल्या पोराला पदवी हवी असली की हैदराबादच्या उस्मानियाकडे बघावं लागे. मग १९५० साली बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. १९५६ला घाटीवर मेडिकल कॉलेज आलं. २३ ऑगस्ट १९५८ला विद्यापीठ उभं राहिलं आणि १४ जानेवारी १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. ज्यांच्या आज्याला सही येत नव्हती ती पोरं-पोरी आज सोनेरी महालाच्या अंगणात प्रबंध लिहितात, याचं मला अजूनही अप्रूप आहे. त्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात काय असतं, याचंही अप्रूपच आहे, पण ते वेगळ्या जातीचं.

चौथं प्रकरण म्हणजे ‘माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन’. बीएडचं कृती संशोधन असो, एमएडचा लघुप्रबंध असो, नर्सिंगच्या मुलींचा प्रकल्प असो की घाटीतल्या एमडीचा थिसिस असो, चौथ्या प्रकरणाच्या दारात सगळे एका ओळीत उभे राहतात. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. वर्गात ज्यांनी झोपा काढल्या तेच आता सिडकोतल्या घराची बेल दाबतात. “सर, फार नाही, एक टी काढून द्या.” टी म्हणजे चहा नव्हे, संख्याशास्त्रातली टी परीक्षिका, हे आमच्या हिला कळायला थोडे दिवस गेले. तोवर ती प्रत्येकाला चहा देत होती. अजूनही देते.

विषय ठरलेला असतो. ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी अमुक विषयातील तमुक घटकावर तयार केलेल्या कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. आधी पूर्वचाचणी घ्यायची. मग पंधरा दिवस कार्यक्रम राबवायचा, म्हणजे तक्ते लावायचे, प्रोजेक्टर दाखवायचा, मुलांना गोल बसवायचं आणि त्याचे फोटो काढायचे. मग उत्तरचाचणी. पुष्कळदा पेपर तोच असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला ज्याला उत्तर आलं नाही त्यानं ते मधल्या पंधरा दिवसांत कोणाला तरी विचारून ठेवलेलं असतं. मग दोन्ही वेळच्या गुणांवर टी परीक्षिका, आणि निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक आहे. कार्यक्रम परिणामकारक ठरला नाही, असा निष्कर्ष मी उभ्या आयुष्यात फार थोडा वाचला. एवढ्या सगळ्या पद्धती परिणामकारक निघूनही सातवीच्या पोरांना भागाकार का जमत नाही, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. त्यातही टी सार्थच येईल.

आता या कामासाठी जी टी लागते तिला पेअर्ड टी म्हणतात. तीच मुलं, दोन वेळा मोजलेली. प्रत्येक मुलाचे नंतरचे गुण वजा आधीचे गुण, एवढा एक फरक काढायचा. तीस मुलं असतील तर तीस फरक. त्या फरकांची सरासरी काढायची आणि ते आपसात किती विखुरलेत त्याच्या हिशेबात ही सरासरी शून्यापासून किती लांब आहे ते बघायचं. खरं तर दोन याद्या नसतातच, फरकांची एकच यादी असते. बाकीचा सगळा थाट सॉफ्टवेअरचा.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर खडूनं समजावत आलो, पण त्याचा प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते अशाच एका दुकानात बघितलं. हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला गेलो होतो. (हयातीचा दाखला हाही पेअर्ड टीचाच मामला आहे. गेल्या नोव्हेंबरात जिवंत, या नोव्हेंबरात जिवंत, फरक शून्य. एवढ्या एका बाबतीत फरक सार्थ नसल्याचा आनंद असतो.) काउंटरमागे विशीतला पोरगा. एका स्क्रीनवर कोणाचा तरी सातबारा, दुसऱ्यावर एक्सेल. पुढ्यात प्लॅस्टिकचं फोल्डर छातीशी धरलेल्या एक मॅडम, तालुक्याच्या शाळेतल्या असाव्यात. बाहेर मोटारसायकलवर यजमान, हेल्मेट न काढता.

“मॅडम, पेअर्ड करायची का इंडिपेंडंट?”

मॅडम क्षणभर थांबल्या. मग अत्यंत प्रांजळपणे म्हणाल्या, “जास्त कशात येतं?”

“ते डाटावर राहतं. मागच्या मॅडमची पेअर्डमधी अकरा आली.”

“मग पेअर्डच करा.”

“अकरा लई होते मॅडम, गाइड शंका घेतेत. सात-आठ एकदम ओके.”

भाजी घेताना होते तशी घासाघीस संपली आणि पोरगा कामाला लागला. आकडे त्याला विस्कटलेले वाटले. “हे लई वाकडंतिकडं दिसायलंय, नीट लावून देतो,” म्हणत त्यानं पूर्वचाचणीचा कॉलम निवडला आणि चढत्या क्रमानं लावायला सांगितलं. एक्सेलनं लगेच एक छोटी चौकट समोर आणली. शेजारच्या कॉलममध्येही माहिती दिसतेय, ती सोबत घ्यायची का? दोन पर्याय होते. एक ‘एक्स्पांड द सिलेक्शन’, दुसरा ‘कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन’. पोरानं सराईतपणे दुसऱ्यावर टिचकी मारली. मग उत्तरचाचणीचा कॉलम, पुन्हा तीच चौकट, पुन्हा दुसरा पर्याय. दोन्ही कॉलम आता लहानापासून मोठ्यापर्यंत शिस्तीत उभे राहिले. मॅडमना ते आवडल्याचं दिसलं.

मला राहवलं नाही. “बाळा, आणि रोल नंबर?”

“रोल नंबर कशाला काका? टीमधी रोल नंबर लागतच नाही.”

पोरगा खरं बोलत होता, हीच तर पंचाईत आहे. एसपीएसएस रोल नंबर मागत नाही. १९६८ साली स्टॅनफर्डच्या तिघांनी, नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी, सामाजिक शास्त्रांच्या लोकांसाठी हे पॅकेज केलं, २००९ साली ते आयबीएमनं विकत घेतलं, आणि या सगळ्या प्रवासात ‘ही ओळ नक्की एकाच पोराची आहे ना?’ असं ते कोणाला विचारू लागलं नाही. ॲनलाइजवर जा, कंपेअर मीन्सवर जा, पेअर्ड सॅम्पल्स टी टेस्ट निवडा, दोन कॉलम उचलून शेजारी शेजारी ठेवा, ओके म्हणा. एका ओळीत जे दोन आकडे दिसतील त्यांना ते जोडी मानतं. दोन्ही याद्या वेगवेगळ्या क्रमानं लावणं म्हणजे सामुदायिक विवाहात नवरदेवांना उंचीप्रमाणे आणि नवरींना उंचीप्रमाणे उभं करून समोर आला त्याच्या गळ्यात माळ घालायला लावणं. सभामंडपाचा फोटो झकास येईल. घरी गेल्यावर काय व्हायचं ते होईल.

आणि यात टीचं नुकसान होतं म्हणावं, तर उलट टी वाढते. हे नुसतं म्हणण्यापेक्षा दाखवून देतो, आणि त्यासाठी आकडेही खानदानी घेतो.

टी परीक्षिकेचा बाप विल्यम सीली गॉसेट हा प्राध्यापक नव्हता, डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअरच्या कामावर होता. जव चांगला का वाईट हे मूठभर नमुन्यांवरून ठरवायचं, आणि जुनं संख्याशास्त्र तर मोठाले नमुने मागायचं, म्हणून त्यानं थोडक्या निरीक्षणांवर भागेल अशी रीत शोधली. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावानं काही छापू देत नसे. म्हणून १९०८ साली ‘बायोमेट्रिका’त आलेल्या लेखाखाली नाव पडलं ‘स्टुडंट’. आमच्याकडे विद्यार्थ्याचं काम गाइडच्या नावानं छापून आल्याच्या कथा कानावर येतात. इथं जाणत्या माणसानं आपलं काम विद्यार्थ्याच्या नावावर घातलं.

त्या लेखात गॉसेटनं जे उदाहरण घेतलं ते झोपेचं आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या मनोरुग्णालयात दहा रुग्णांना दोन औषधं आळीपाळीनं दिली होती आणि कोणत्या औषधानं किती तास झोप वाढली ते टिपून ठेवलं होतं. पहिल्यानं सरासरी पाऊण तास वाढली, दुसऱ्यानं २.३३ तास. फरक १.५८ तासांचा. दहा माणसांचे दहा फरक मांडून पेअर्ड टी काढली की ती येते ४.०६. नऊ स्वाधीनता मात्रांना ५ टक्के पातळीवर २.२६ पुरतात, तेव्हा फरक सार्थ. आता हीच माणसं एकमेकांना ओळखत नाहीत असं धरून, म्हणजे दहा एका गटातली आणि दहा दुसऱ्या गटातली समजून, इंडिपेंडंट टी काढा. येते १.८६. सार्थ नाही. आकडे तेच, सरासऱ्या त्याच. फक्त कोण कोणाचा, हे विसरलो.

इथपर्यंत पुस्तकात असतं. मी त्यापुढं जाऊन दुकानातल्या पोराची रीत लावून बघितली. दोन्ही कॉलम आपापल्या परीनं चढत्या क्रमानं लावले आणि पुन्हा पेअर्ड टी काढली. ४.०६ची ९.२७ झाली. झोपेत एका मिनिटाची वाढ नाही, फक्त माणसं अदलाबदल झाली, आणि टी दुपटीच्या वर गेली. मग जरा वाह्यातपणा करून एक कॉलम चढता आणि एक उतरता लावला. टी १.३५. म्हणजे त्याच वीस आकड्यांतून, त्याच १.५८च्या फरकातून, सार्थ, अतिसार्थ आणि निरर्थ असे तिन्ही निष्कर्ष काढता येतात, फक्त ओळी हलवायच्या. मॅडमच्या ‘जास्त कशात येतं’ या प्रश्नाचं शास्त्रशुद्ध उत्तर हे असं आहे, आणि ते त्या पोराला कोणी न शिकवता सापडलंय.

पकडायचं म्हटलं तर हे पकडताही येतं. एसपीएसएस पेअर्ड टीसाठी निदान तीन तक्ते देतं. पहिल्यात सरासऱ्या, तिसऱ्यात टी, आणि मधल्यात दोन्ही चाचण्यांमधला सहसंबंध. मधला तक्ता प्रबंधात चिकटवतात, पण तो वाचणारा माणूस मी क्वचितच पाहिला. झोपेच्या आकड्यांत खरा सहसंबंध ०.८० आहे, क्रम लावल्यावर तो ०.९७ होतो. पंधरा दिवसांच्या अंतरानं दिलेल्या शाळकरी परीक्षांत इतकी शिस्तबद्ध मुलं दिसली की परीक्षकानं चष्मा पुसून घ्यावा.

पण चिंता असते ती दुसऱ्याच गोष्टींची. सगळ्यात मोठी चिंता वजाची. पूर्वचाचणी आधी आणि उत्तरचाचणी नंतर टाकली की सॉफ्टवेअर आधीतून नंतर वजा करतं, आणि मुलांची प्रगती झालेली असेल तर टी उणे येते. रात्री अकराला फोन येतो. “सर, टी मायनसमध्ये गेली.” आवाज असा की आयसीयूतून बोलतायत. कॉलम उलटे टाका, असं सांगितलं की पलीकडून जो निःश्वास येतो त्यासाठी तरी मास्तरकी करावी. दुसरी गंमत शून्याची. फरक फार मोठा असला की सार्थकतेच्या रकान्यात जुनं एसपीएसएस ‘.०००’ छापायचं. म्हणजे संभाव्यता तीन घरांत मावत नाही इतकी लहान आहे, शून्य नव्हे. त्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली की पुढची घरं दिसतात. पण प्रबंधात ‘पी = ०.०००’ असं दिमाखात छापलं जातं. अशा परीक्षिकेत संभाव्यता कधीच नेमकी शून्य नसते हे आम्ही पहिल्या तासाला शिकवतो, पण पहिल्या तासाला हजेरी कमी असते.

या दोन कॉलमांच्या प्रश्नात आपल्या माणसानंही डोकं घातलेलं आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११चा. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे मोठे अधिकारी झाले. जोड्याही नाहीत आणि दोन्ही गटांतला विखुरलेपणाही सारखा नाही, अशा वेळी दोन सरासऱ्यांची तुलना कशी करायची, हा भल्याभल्यांना छळणारा प्रश्न. त्यासाठीच्या परीक्षिकेचे तक्ते सुखात्म्यांनी १९३८ साली ‘संख्या’ या नियतकालिकात छापले. आज तोच प्रश्न एक्सेलमध्ये एका अंकावर सुटतो. टी टेस्टच्या सूत्रात शेवटी १ टाकला तर पेअर्ड, २ टाकला तर सारख्या विखुरलेपणाचे दोन गट, ३ टाकला तर वेगळ्या विखुरलेपणाचे. बुधच्या माणसानं मान मोडून केलेलं काम आणि आपलं काम यांत फरक फक्त २ आणि ३चा, आणि तोही पोरं नाणं उडवून ठरवतात.

सॉफ्टवेअरांपैकी एकाला मात्र अक्कल आली. ‘आर’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेलं. त्याच्या आवृत्त्यांना ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवरून नावं देतात. त्यामुळे जगभरचे शास्त्रज्ञ गंभीर चेहऱ्यानं ‘पपी कप’ वापरत असतात. गॉसेटच्या त्या दहा रुग्णांची झोप या ‘आर’मध्ये तयार भरून ठेवलेली मिळते. त्यात सगळे गुण एकाच कॉलममध्ये एकाखाली एक लिहून, शेजारी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा शिक्का मारून, पेअर्ड टी मागायची सोय होती. पहिला ‘आधी’ आणि पहिला ‘नंतर’ यांची जोडी ते मुकाट्यानं लावी, मग ती एका माणसाची असो की दोघांची. २०२४ सालच्या ४.४.० आवृत्तीपासून, म्हणजे त्या ‘पपी कप’पासूनच, ते बंद झालं. आता असं काही मागितलं की ‘आर’ सरळ नकार देतं. जोड्या कोणत्या ते तुम्ही दोन कॉलम समोर ठेवून सांगा, मग पुढचं बोलू. जुन्या यूट्यूब व्हिडिओवरून आज्ञा उतरवून घेणाऱ्यांची त्या वर्षी फार पंचाईत झाली. मला मात्र बरं वाटलं. वर्गातल्या शिस्तीचा एक जुना मास्तर परत आल्यासारखं.

खरं विचाराल तर पेअर्ड टी आपल्या अंगवळणी पडत नाही याला कारण सॉफ्टवेअर नाहीच. माणसाची तुलना त्याच्याशीच करायची ही कल्पनाच आपल्याकडे कोणाला पटत नाही. पोरगं सहामाहीत ४१ आणि वार्षिकला ५३ गुण घेऊन येतं. बारा गुणांचा फरक, पेअर्ड, त्याचा त्यानं कमावलेला. बाप प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आत विचारतो, “समोरच्याच्या पोराला किती?” झाली ती इंडिपेंडंट. दोन्ही गटांत एकेक माणूस, स्वाधीनता मात्रा शून्य, तरी निष्कर्ष ठाम: आमचं कार्टं काही कामाचं नाही. नव्या सुनेची तुलना जाऊबाईशी होते, नव्या साहेबाची जुन्या साहेबाशी. वजन कमी करण्याच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असतात. नीट बघितलं तर पुष्कळदा नंतरच्याचे कान वेगळे निघतात. इंडिपेंडंट माल पेअर्डच्या भावानं विकणं ते हेच. क्लासवाल्यांच्या फलकांवर गुणवंतांचे हसरे चेहरे आणि खाली टक्के असतात, पण आत येताना त्यांना किती होते ते नसतं. एकट्या उत्तरचाचणीवर अख्खा चौक उजळलेला. आणि जायकवाडीचं धरण जवळ असूनही नळाला रोज पाणी न येणाऱ्या या गावात नवी जलवाहिनी झाल्यावर कोणाला पेअर्ड टी काढायची असेल, तर त्यानं आधीची निरीक्षणं आत्ताच वॉर्डवार वहीत उतरवून ठेवावीत. नंतर आधीचं आठवत नाही. आठवलं तरी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

जोडी मोडण्याचा आणखी एक प्रकार मराठवाड्याबाहेरच्या पुस्तकांत सापडायचा नाही. पूर्वचाचणी घेतात दिवाळीच्या आधी, तेव्हा वर्गात पट पूर्ण असतो. दिवाळीच्या तोंडावर मुकादम उचल देतो, ट्रक लागतात, आणि बीड, जालना, पैठण, कन्नडकडच्या वस्त्यांतली माणसं ऊसतोडीला निघतात. बरोबर पोरंही जातात, कारण मागं सांभाळायला कोण? उत्तरचाचणीला तीसाची बावीस उरतात. पुस्तकात याला नमुन्यातली गळती म्हणतात आणि पुष्कळदा ती योगायोगानं झाली असं धरून चालतात. इथं ती योगायोगानं होत नाही. ज्यांचे गुण सगळ्यात कमी असायचे तीच बहुधा गेलेली असतात. सॉफ्टवेअर रिकामी ओळ बघतं, ती गाळतं, तक्त्यात शांतपणे २२ छापतं. मग काही संशोधक ती आठ नावं कागदावरूनच पुसतात, काही त्या आठांच्या उत्तरचाचणीचे गुण अंदाजानं भरतात. एका मुलीनं मला असा डाटा दाखवला, त्यातल्या आठही गैरहजर पोरांची प्रगती उत्तम झाली होती. मी तिला म्हटलं, ही पोरं कुठं आहेत, त्यांचे आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत, त्यांना तिथं शाळा आहे का, एवढंच लिही, तुझं पाचवं प्रकरण त्याच्यावर उभं राहील. ती म्हणाली, “सर, गाइड म्हणतात विषय मंजूर झालाय तोच करायचा.”

एकदा डाटा आत गेला की पुढचं सुरळीत असतं. प्रबंधाची भाषा ठरलेली आहे. ‘प्राप्त टी मूल्य हे सारणी मूल्यापेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे.’ शून्य परिकल्पना बिचारी त्याग होण्यासाठीच जन्माला येते. तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नसतं. मौखिकीला बाह्य परीक्षक येतात, त्यांना परतीची गाडी पकडायची असते. ते पान उलटून विचारतात, “टी का वापरली?” उमेदवार म्हणतो, “दोन गटांत फरक आहे का ते बघायला.” “गट दोन होते?” उमेदवार गाइडकडे बघतो, गाइड छताकडे. मग परीक्षकच तडजोडीनं म्हणतात, “म्हणजे गट एकच, पण दोनदा.” “हो सर, तेच.” टाळ्या होतात, गुच्छ येतात, गुलमंडीवरून मागवलेला खव्याचा ट्रे उघडतो. या सगळ्यात रोल नंबर सात कुठं आहे, त्याच्या आधीच्या नऊ गुणांशी नंतर कोणाचे अठरा गुण लागले, हे विचारायला तो स्वतः हजर नसतो.

मला या पोरींवर, त्यांच्या बाहेर मोटारसायकलवर ताटकळणाऱ्या यजमानांवर किंवा त्या दुकानातल्या पोरावर राग धरवत नाही. शाळा, स्वयंपाक, निवडणुकीची ड्यूटी आणि जनगणनेचे कागद सांभाळून कोणी तीस मुलांना दोनदा तपासत असेल, तर ते कष्ट खरेच असतात. वाईट एवढंच वाटतं की खरे कष्ट करून खरे आकडे मिळवायचे, आणि दुकानात ‘नीट लावून’ घेताना त्यांतलं खरं तेवढं घालवून बसायचं. न लावलेल्या आकड्यांतून पाच आली असती, ती पुरली असती. तीन आली असती तरी तीस मुलांना पुरली असती, तिथं २.०५ला काम होतं.

तेव्हा यंदा ज्यांची उत्तरचाचणी व्हायची आहे त्यांना माझी विनंती आहे. दोन्ही उत्तरपत्रिकांच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहून घ्या आणि एक्सेलमध्ये पहिला कॉलम त्याचाच ठेवा. कोणी कितीही आग्रह केला तरी आकडे लावून घेऊ नका. आणि लावलेच, तर ती छोटी चौकट समोर आल्यावर पहिला पर्याय राहू द्या. एक्सेलनं तो आधीच निवडून ठेवलेला असतो, नुसतं एंटर दाबलं तरी भागतं.